दगडूचा संशय

दलित पुरुषाची स्त्रीविषयक दृष्टी कशी घडते, हे आमच्या नगर जिल्ह्यातल्या दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) निर्भीडपणे मांडले. गावकुसाबाहेर अपमान गिळणारा दगडू संशयापोटी स्वतःचा पहिला संसार मोडतो. लेखक हे लपवीत नाही. परंतु पत्नीची बाजूही त्याच्याच तोंडून येते. बाईने स्वतः बोलायचे, तर बेबीताई कांबळेंना नवऱ्यापासून लपवून लिहावे लागले. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले १९८६ साली. स्त्रीवरील बंधनांवर जात उभी आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखविले होते. म्हणजे दगडूचा संशय केवळ त्याचा खाजगी नव्हे. ज्या व्यवस्थेने त्याला तुडविले, तिचाच तो वारसा होय. 'बलुतं' शिकविताना वर्गात हा प्रश्न टाळता कामा नये.