पाणबुडी आत राहिली, तिचे काय?

चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबरीकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. कथा दुसऱ्याची, पात्रे दुसऱ्याची, लेखकाने फक्त शब्द भरायचे, अशी त्यांची समजूत असते. आयझॅक असिमोव्ह यांची ‘फॅन्टॅस्टिक व्हॉयेज’ (१९६६) ही अशीच एक कादंबरी. आम्हांला मात्र ती विज्ञान शिकवणाऱ्यांनी अवश्य वाचावी असे वाटते. त्याला कारण आहे अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न.

कथानक थोडक्यात असे. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे. बाहेरून शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून एक पाणबुडी, आतल्या पाच माणसांसकट, अतिसूक्ष्म करून त्याच्या रक्तवाहिनीत सोडली जाते. मुदत फक्त साठ मिनिटांची. त्यानंतर सारे पुन्हा मूळ आकाराचे होऊ लागणार! शेवटी एक पांढरी रक्तपेशी पाणबुडीला गिळते आणि वाचलेली चौघे डोळ्यातील अश्रूंबरोबर बाहेर पडतात. रिचर्ड फ्लायशर यांच्या चित्रपटात गोष्ट इथेच संपते. चित्रपट पाहिल्यावर असिमोव्ह यांच्या मुलीने त्यांना विचारले, की पाणबुडी तर आतच राहिली. ती मोठी होऊन त्या माणसाला मारणार नाही का?

असिमोव्ह यांनी ही चूक पटकथा वाचतानाच हेरली होती आणि शेवट बदलण्याचा आग्रह धरला होता. कादंबरीत ती पांढरी पेशी माणसांचा पाठलाग करीत डोळ्यापर्यंत येते आणि गिळलेल्या पाणबुडीसह बाहेर काढली जाते. पुस्तक चित्रपटाच्या काही महिने आधीच बाजारात आले. त्यामुळे चित्रपटच पुस्तकावरून काढला, असा अनेकांचा उलटा समज झाला.

आता हा फरक किती महत्त्वाचा? विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट मागून घेण्याची मुभा असते. मात्र ती मिळाल्यावर पुढचे सारे हिशेबाने यावे लागते. वस्तू लहान होते आणि तासाभराने मोठी होते, हा नियम लेखकाने स्वतःच घातला, तर तो माणसांना लागू आणि पाणबुडीला नाही, असे चालत नाही. चित्रपटाने स्वतःचाच नियम मोडला, कादंबरीने तो पाळला. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात एकके शेवटपर्यंत सांभाळायची असतात, त्यातलाच हा प्रकार.

पण मूळ अशक्य गोष्ट किती अशक्य आहे, हेही वर्गात पाहता येते. समजा, लांबी दहा लाखपट कमी केली. नागपूर ते मुंबई हे सुमारे ८४० किलोमीटरचे रेल्वेचे अंतर मग ८४ सेंटिमीटर होईल, म्हणजे बाकावर मावेल. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १.७ मायक्रोमीटरचा होईल. तांबडी रक्तपेशीसुद्धा त्याच्या चौपट रुंद असेल. आकारमान मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते. ते दहाच्या अठराव्या घाताइतके पट कमी होईल.

मग वस्तुमानाचे काय? ते तेवढेच राहिले, तर घनता अणुकेंद्रकाच्या घनतेच्या काही हजारपट होईल. असा माणूस रक्तात तरंगणार नाही. शिरेतून, खाटेतून आणि जमिनीतून आरपार जाईल. उलट, त्याच प्रमाणात अणू काढून टाकले, तर? माणसाच्या शरीरात सुमारे ७ वर २७ शून्ये इतके अणू असतात. त्यांतले ७ अब्ज उरतील. आणि मेंदूत चेतापेशीच सुमारे ८६ अब्ज! एका चेतापेशीच्या वाट्याला एक अणूसुद्धा येणार नाही. असा माणूस विचार कशाने करणार?

असिमोव्ह या दोन्ही वाटा पात्रांच्या तोंडून मांडतात, त्या बंद आहेत हे दाखवतात आणि मग तिसरी, पूर्णपणे काल्पनिक वाट धरतात. कुठपर्यंत विज्ञान आहे आणि कुठून कल्पना सुरू झाली, हे वाचकाला समजते. हा प्रामाणिकपणा आम्हांला कादंबरीतला सर्वांत मोठा गुण वाटतो.

दोषही आहेत. संवादांची पुष्कळदा व्याख्याने होतात. माणसे ठोकळेबाज आहेत. पथकातली एकमेव स्त्री तंत्रज्ञ म्हणून आली आहे, पण पुरुष सहकाऱ्यांच्या थट्टेपलीकडे लेखक तिला फारसे काम देत नाही. वर्गातल्या मुली हे दाखवून देतील, आणि त्यांनी ते दाखवून द्यावे. खुद्द असिमोव्हही समाधानी नव्हते. कथा आपली नव्हती, ही खंत त्यांना होती. १९८७ साली त्यांनी याच कल्पनेवर दुसरी, स्वतंत्र कादंबरी लिहिली आणि तिथे लहान होण्यासाठी थेट प्लांकच्या स्थिरांकालाच हात घातला. स्वतःला पडलेल्या प्रश्नाचा लेखकाने एकवीस वर्षे पिच्छा पुरवला, असे म्हणता येईल.

लेखकाला प्रश्न विचारण्याची वाट मराठी वाचकालाही अनोळखी नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून. नावाच्या दबावाशिवाय कथा तपासली जावी, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल आणि त्याखाली स्वाक्षरीही असेल. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. असिमोव्ह तर १९९२ सालीच गेले. पोस्टकार्डाची कल्पना मात्र कोणत्याही वर्गात राबवता येते.

नागपूरच्या शाळांना हे सहज जमेल. ज्यांच्या शोधासाठी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो, ते सर चंद्रशेखर वेंकट रामन काही काळ नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र १९९२ पासून शहरात आहे. यंदा त्या दिवशी भाषणांऐवजी असे करून पाहावे. शिक्षकांनी ही कथा मराठीत सांगावी. प्रत्येक विद्यार्थ्याने लेखकाच्या नावे कार्डावर एक प्रश्न लिहावा. मग अर्ध्या वर्गाने लेखकाची बाजू घेऊन उत्तरे द्यावीत. अट एकच : लेखकाचा नियम मान्य करायचा आणि पुढचे सारे त्यातूनच काढायचे. पाणबुडीतल्या माणसांनी श्वास कसा घ्यायचा? त्यांना हवेचा रेणू केवढा वाटेल? इतक्या लहान माणसाला पाण्यात पोहता येईल, की ते मधासारखे घट्ट वाटेल?

एक उत्तर मात्र कोणीही देऊ नये : “अरे, गोष्टच आहे ती!” हे ऐकलेले मूल गोष्टीला प्रश्न विचारणे सोडते, आणि मग पाठ्यपुस्तकालाही विचारत नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला असे उत्तर मिळाले नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे, असे तिच्या वडिलांनी मान्य केले. आपल्या वर्गातून आलेली चांगली प्रश्नकार्डे आमच्याकडे जरूर पाठवावीत.