न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

गेली काही वर्षे ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने ‘आपणास २५ लाखांची लॉटरी लागली’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. बक्षीस हाती येण्यापूर्वी ‘कर’ आणि ‘शुल्क’ म्हणून पैसे भरायला लावतात. फसलेल्या माणसाला लोभी ठरवून आपण मोकळे होतो. हे निदान अपुरे आहे.

अवचित लाभ झाला, की आपल्या सोलापुरात ‘सिद्धेश्वराची कृपा’ म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून चारचौघांत बोलत नाहीत. ‘साहेबां’ना उलट प्रश्न विचारत नाहीत. भामट्याचे ‘कोणाला सांगू नका’ म्हणूनच पटते.

असा निरोप वाचून आपल्याला हसू येते. पण तो आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली नायजेरियन फसव्या ई-पत्रांबाबत मांडले, की असा ढोबळपणा चाळणीचे काम करतो. शंकेखोर गळतात, विश्वास ठेवणारे तेवढे उरतात.

संगणक-साक्षरतेच्या नावाखाली आपण कळ कोठे दाबायची ते शिकवतो, शंका कोठे घ्यायची ते नाही. १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली, तीतही आधी तिकीट घ्यावे लागे. तिकीटच नसेल, तर बक्षिसाची संभाव्यता शून्य. हे दहावीचेच गणित आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. एवढे विद्यार्थ्याने घरी आजीला समजावून सांगावे, हाच गृहपाठ. आणि कोणी फसलेच, तर रागावण्याआधी १९३० हा मदत-क्रमांक फिरवावा. लाजेपायी गेलेला वेळ भामट्याच्याच पथ्यावर पडतो.