बसण्याची जागा

देवळावर लिहायचे म्हणजे शिखरापासून सुरुवात करायची, अशी आपल्याकडे रीत आहे. मी बसण्याच्या जागेपासून सुरुवात करणार आहे.

इंग्लंडात लँकेशायरमधील रिव्हिंग्टन या खेड्यात १७०३ साली बांधलेले एक युनिटेरियन प्रार्थनाघर आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानता एकच ईश्वर मानणारा हा ख्रिस्ती पंथ. १६६२ च्या कायद्यामुळे सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना सरकारमान्य चर्च सोडावे लागले. मग राहत्या घरांत, धान्याच्या कोठारांत उपासना होऊ लागल्या. १६८९ साली अशा मंडळींना आपली प्रार्थनाघरे उघडण्याची मोकळीक मिळाली. त्रैक्य नाकारणाऱ्यांना मात्र ती १८१३ पर्यंत मिळाली नाही. रिव्हिंग्टनची मंडळीही बांधणीनंतर, हळूहळूच त्या मताला आली.

या इतिहासाचा ठसा अशा जुन्या प्रार्थनाघरांच्या बांधणीवर उमटला आहे. चोरून उपासना करण्याचे दिवस गेले, तरी घराचे वळण राहिले. गावातल्या घरांसारख्याच भिंती, साध्या काचेच्या खिडक्या, आणि गाभाऱ्याऐवजी उपदेशकाचे उंच व्यासपीठ. देव दिसायचा नाही, शब्द ऐकू यायचा, हे त्या बांधणीचे सार. गवंड्याने इतके नेमके तत्त्वज्ञान सांगावे, याचे मला मोठे कौतुक वाटते.

पण रिव्हिंग्टनमध्येच, इतरांच्या बंदिस्त बाकांत, विलोबी घराण्यातील लॉर्डांचे एक बाक आहे. आणि त्यावर लाकडी छत आहे! देवाच्या डोक्यावरचे छत्र काढणाऱ्यांना जमीनदाराच्या डोक्यावरचे काढवले नाही. साधेपणा म्हणजे समता नव्हे, हे त्या एका बाकाने सांगून टाकले.

हे परक्यांचे उणे काढणे नव्हे. आपल्याकडे १८६७ साली प्रार्थना समाज निघाला आणि १८७४ साली मुंबईत गिरगावात त्याचे मंदिर उभे राहिले. समाज युनिटेरियन नव्हे, पण नाते जवळचे. त्याचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्याच साहाय्याने. गिरगावच्या मंदिरातही मूर्ती नाही. तुकोबांच्या अभंगांना तेथे मान आहे. छताचे बाकही नाही. तरी एक न दिसणारे छत मला तेथे जाणवते, ते शिक्षणाचे. व्यासपीठासमोर ओळीने बसून प्रवचन ऐकण्याची सवय शाळेने लागते. ज्याच्या वाट्याला शाळाच आली नाही, त्याने त्या दारात काय करावे? खेड्यातील चॅपेल निदान खेड्याच्या घरासारखे होते. आमच्या मंदिराला मराठी खेड्याचे रूप सापडले नाही, हा त्याचा खरा दोष.

या दोषावरचा उत्तम अभिप्राय मला शिंद्यांच्या कृतीत दिसतो. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली आणि अस्पृश्य मुलांसाठी परळला शाळा काढली. ज्यांच्यापर्यंत मंदिर पोचत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते स्वतः गेले.

आमच्या लोहाऱ्याकडच्या खेड्यांत भजनाला कोणी सतरंजीवर बसतो, कोणी पायरीवर. पायरीवरच्याला वर कोणी बोलावत नाही. तोही आपण होऊन येत नाही. प्रार्थनेच्या कोणत्याही घराची परीक्षा मी त्या पायरीवरून करतो.