चाकावरून दिसलेले खेडे

प्रवासावरच्या लेखनाची एक साधी कसोटी आहे. लेखक ज्या गावांतून गेला त्या गावांतली माणसे त्याच्या पुस्तकात आहेत का, हे पाहावे. देवळांची, पुलांची, सूर्यास्तांची वर्णने कितीही बहारदार उतरली, तरी ज्या गावात एकही माणूस भेटत नाही ते गाव वाचकाच्या मनात घर करीत नाही. वरवर पाहता ही कसोटी फारच ढोबळ वाटेल. पण तिला उतरणारी पुस्तके किती थोडी असतात, हे लावून पाहिल्यावरच कळते.

फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलवर हिंडण्याची हौस आता सव्वाशे वर्षांहून जुनी झाली. त्या हौसेतून कादंबऱ्या, आठवणी, चित्रपट असे पुष्कळ काही निपजले. त्यांतल्या तीन कलाकृती या कसोटीवर घासून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी हे पाहू, की हिंडायला सायकलच का? आगगाडी खेड्यांना वळसा घालून जाते. मोटार खेड्यातून जाते, पण काचा लावून. पायी चालणाऱ्याला सारे दिसते, मात्र चार गावांत त्याचा दिवस सरतो. सायकलवाल्याला दिवसाकाठी वीस-पंचवीस गावे भेटतात, आणि प्रत्येक गावचा भट्टीतल्या पावाचा, ओल्या गवताचा, गोठ्याचा वास त्याच्या नाकापर्यंत पोहोचतो. फ्रान्समधले दुय्यम रस्तेही असे आहेत, की एका गावच्या चर्चचा मनोरा मागे पडतो न पडतो तोच पुढच्या गावचा दिसू लागतो. चढ लागला की मात्र सारा डौल संपतो. स्वार खाली उतरतो आणि गावकऱ्याच्या पातळीवर येतो.

हा चढ सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले. पॉल द विव्ही त्याचे नाव. लोक त्याला ‘व्हेलोसिओ’ म्हणत. जन्म १८५३ चा. सँत-एतिएन या कारखान्यांच्या शहरात राहून त्याने १८८७ पासून सायकलवर एक मासिक चालवले आणि चढाला एक, सपाटीला दुसरा असे बदलते गिअर असावेत, असा धोशा लावला. त्याच्या विचारांच्या अगदी उलट टोकाला आंरी देग्रांज होता. १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत त्याने सुरू केली. त्याच्या लेखी सायकल म्हणजे पुरुषार्थाची परीक्षा. गिअर म्हणजे पळवाट. आज चेन एका दात्यांवरून दुसऱ्यांवर सरकवणारा जो गिअर आपण सर्रास पाहतो, त्याला त्या शर्यतीत १९३७ पर्यंत थारा नव्हता. वरून हा यंत्राचा वाद दिसतो, पण मुळात तो दोन दृष्टींचा वाद आहे. एकाला रस्ता जिंकायचा होता, दुसऱ्याला तो पाहायचा होता. पुढच्या लेखकांकडे पाहताना हे भांडण ध्यानात ठेवावे.

पहिली कलाकृती मोरिस लब्लांची. अर्सेन ल्युपँ हा सफाईदार चोर निर्माण करून तो पुढे जगभर गाजला. पण त्याआधी, १८९८ साली, त्याने ‘व्वासी देझेल’ नावाची छोटी कादंबरी प्रसिद्ध केली होती. ‘हे पाहा पंख’ असा त्या नावाचा अर्थ. दोन तरुण जोडपी पॅरिस सोडून सायकलींवर नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या बाजूला निघतात. शहर जसजसे मागे पडते तसतसे त्यांच्या अंगावरचे आणि मनावरचे बंध सैल होत जातात. कमरेला करकचून आवळणारे ते कॉर्सेट बायका फेकून देतात. पुढे तर नवऱ्याबायकोंच्या जोड्याच बदलतात. दिवाळीच्या फराळाबरोबर ही गोष्ट कितपत रुचेल याची शंका आहे. पण तेवढ्यावरून तिची किंमत ठरवू नये. ज्या काळी भल्या घरच्या बाईला एकटीने रस्त्यावर येणे अवघड होते, त्या काळी दोन चाके तिला केवढा अवकाश देऊ शकतात हे लब्लांने ओळखले होते. हे त्याचे मोठे श्रेय आहे.

आणि तरीही ही कादंबरी वरच्या कसोटीला उतरत नाही. लब्लां जन्माने रुआँचा, म्हणजे नॉर्मंडी त्याची मायभूमी. तिथल्या वाटा तो प्रेमाने रंगवतो. पण ती भूमी या चौघांच्या भावनांसाठी टांगलेला नाटकातला पडदा होऊन राहते. सफरचंदाच्या बागा आहेत, त्या बागांत राबणारे हात नाहीत. चौघांना पंख फुटतात, आणि पंख फुटले की माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत. कादंबरीच्या नावातच तिचे बळ आहे आणि तिचा उणेपणाही.

दुसरी कलाकृती सीमोन द बोव्हार यांच्या आठवणींची. ‘ला फोर्स द लाज’ हा त्यांचा खंड १९६० साली निघाला. त्यातले महायुद्धाच्या दिवसांचे भाग वाचताना सायकल पुन्हा भेटते, पण आता तिचे रूप पालटलेले असते. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि देशाचे दोन तुकडे झाले. १९४१ च्या उन्हाळ्यात बाई आणि सार्त्र मधली सीमा चोरून ओलांडतात आणि सायकलींवर दक्षिणेकडे निघतात. जर्मनांविरुद्ध लेखकांची एक गुप्त फळी उभारावी, हा त्यामागचा बेत. ते आंद्रे जीदला भेटतात, मालरोला भेटतात. पदरात फारसे काही पडत नाही. मात्र या निष्फळ फेरीचे वर्णन विलक्षण जिवंत आहे. सार्त्रला म्हणे चढ आवडत; सपाटीवर त्याचे मन इतके भलतीकडे भटके, की एक-दोनदा तो सरळ रस्त्याकडेच्या चरात गेला! मोठ्या तत्त्वज्ञाचे इतके प्रेमळ आणि इतके निर्दय चित्र दुसऱ्या कुणाला क्वचितच साधले असते.

इथे खेडे लब्लांपेक्षा जवळ येते, कारण पोटात भूक आहे. शिधापत्रिकांच्या त्या दिवसांत कोणत्या गावात काय खायला मिळेल, हा प्रश्न निसर्गसौंदर्याइतकाच मोठा असतो. भुकेला प्रवासी गावाकडे डोळे उघडून पाहतो, हे खरे. पण तो पाहतो ते स्वतःच्या गरजेपुरते. बाईंची बुद्धी लखलखीत आहे, निरीक्षण धारदार आहे; मात्र त्यांच्या मनात सतत पॅरिसचे वाद चालू असतात. गावकरी येतो, दारात क्षणभर उभा राहतो आणि पान उलटले की दिसेनासा होतो. अर्थात त्या काळोखाच्या दिवसांत कुणाशी मोकळे बोलणेही धोक्याचे होते. तेव्हा हा दोष त्यांच्या पदरी घालताना थोडे सबुरीने घ्यावे.

तिसरी कलाकृती पुस्तक नव्हे, चित्रपट आहे. जाक तातीचा ‘झूर द फेत’, म्हणजे ‘जत्रेचा दिवस’. तो पडद्यावर आला १९४९ मध्ये. मध्य फ्रान्समधल्या सँत-सेव्हेर या खेड्यात त्याचे चित्रण झाले, आणि गावकरीच त्यात वावरले. नायक फ्रान्स्वा हा उंच, लुकडा, मिशाळ पोस्टमन. गावात जत्रा येते. तंबूतल्या सिनेमात अमेरिकेतल्या टपालाच्या अचाट वेगावरचा एक पट दाखवतात. लोक फ्रान्स्वाची थट्टा करतात. बिचारा इरेस पेटतो आणि आपल्या जुन्या सायकलवर अमेरिका आणू पाहतो. धावत्या लॉरीच्या मागच्या फळीचे टेबल करून तो पत्रांवर शिक्के मारतो, शर्यतीच्या स्वारांनाही मागे टाकतो, आणि शेवटी सायकलीसकट नदीत जातो.

हसून हसून पुरेवाट होते. पण हसू ओसरल्यावर जाणवते की देग्रांज आणि व्हेलोसिओ यांचे जुने भांडण इथे एका पोस्टमनच्या जिवावर खेळले गेले आहे. अखेरीस फ्रान्स्वा गवत गोळा करणाऱ्यांच्या हाताला हात लावायला शेतात उतरतो आणि एक पोरगा त्याची टपालाची पिशवी घेऊन पळतो. पत्रे उशिरा पोहोचतील, पण गवत पावसात भिजणार नाही. कोणते काम निकडीचे हे गावाने ठरवायचे, घड्याळाने नव्हे, असा हा निवाडा आहे. आणि ताती तो एका शब्दाचेही प्रवचन न करता देतो.

या चित्रपटाचे थोरपण कशात आहे? पहिल्या दोन कलाकृतींत सायकल बाहेरून गावात येते. इथे ती गावाचीच आहे. ती हौस नाही, पळून जाण्याचे साधन नाही; ती रोजची भाकरी आहे. आपल्याकडे दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळामास्तराची सायकल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. गावातून जाणारा आणि गावात राहणारा एकच माणूस झाला, की खेडे पडदा राहत नाही, रंगमंच होते. म्हणून या तिघांत मी तातीला पहिला मान देतो.

आज फ्रान्समध्ये सायकलवाल्यांसाठी खास वाटा आखल्या गेल्या आहेत. बर्गंडीत झिव्री ते क्लुनी या जुन्या लोहमार्गावर १९९७ साली मोटारींना बंदी असलेला ‘हरित मार्ग’ खुला झाला. ल्वार नदीच्या काठची वाट तर सुमारे ९०० किलोमीटर लांब आहे. मुलाबाळांसह निर्धास्त जाता येईल अशा या वाटा आहेत, आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण सुरक्षित वाट पुष्कळदा गावाच्या पाठीमागून जाते. प्रवाशाला नदी दिसते, किल्ले दिसतात. गावचा चौक मात्र राहून जातो. लब्लांची चूक आता रस्त्यांच्या आखणीतच शिरू नये, एवढी काळजी वाटते.

या काळजीवर उतारा फ्रेंच खेड्यानेच दिला आहे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचे, अशी १२०० किलोमीटरची फेरी १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली आणि आज ती हौशी स्वारांसाठी चार वर्षांतून एकदा भरते. तिच्या स्मरणार्थ चाकाच्या आकाराचे एक मलईदार पक्वान्नही फ्रान्सच्या मिठाईच्या दुकानांतून मिळते. २०१९ आणि २०२३ च्या फेऱ्यांत भारतातले, त्यांत महाराष्ट्रातलेही, स्वार उतरले होते. या फेरीच्या वाटेवर गावकरी अपरात्री घरापुढे टेबल मांडून अनोळखी स्वारांना कॉफी आणि धिरड्यासारखे क्रेप खाऊ घालतात. कुणी मोबदला विचारला तर एवढेच सांगतात, की घरी पोहोचल्यावर तुमच्या गावचे एक चित्रकार्ड पाठवा. इथे खेडे पाहून घेण्याची वस्तू उरत नाही. तेच प्रवाशाकडे पाहते, त्याला खाऊ घालते आणि त्याच्या गावाची चौकशी करते. या अनुभवावर कसदार पुस्तक कुणी लिहावे, आणि ते मराठीत यावे, अशी इच्छा आहे.

तोवर सुटीत सगळ्यांनी मिळून ‘झूर द फेत’ पाहावा. त्यात बोलणे थोडे आहे आणि फ्रेंच येत नसल्याची अडचण फारशी भासत नाही. मुले नदीत पडलेल्या पोस्टमनला हसतील. वडीलधाऱ्यांनी शेवटचे गवताचे शेत मात्र नीट पाहावे.