नागसेनवनात ऐकलेली करुणा

नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दलाई लामा यांचे प्रवचन मी ऐकले. त्यावर लिहायचे असे त्याच दिवशी ठरवले होते, पण लिहिणे लांबत गेले. त्याला थोडा आळस कारणीभूत होता आणि बराचसा संकोच. ज्या चीवराला पाहून माझी आई वाटेत थांबते, पदर सावरते आणि हात जोडते, त्या चीवराच्या बोलण्याची चिकित्सा करायची म्हटले की लेखणी अडखळते. परंतु बुद्धाच्या विचारात चिकित्सेला मज्जाव नाही, आणि हे खुद्द दलाई लामाच वारंवार सांगत आले आहेत. श्रद्धेपेक्षा अभ्यास करा, नालंदेची परंपरा तर्काची आहे, हे त्यांच्या प्रत्येक भाषणाचे पालुपद असते. तेव्हा त्यांनीच दिलेल्या परवानगीने चार शब्द लिहितो.

जागेचा विचार आधी केला पाहिजे. हे प्रवचन झाले ते नागसेनवनाच्या परिसरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मैदानावर. १९५० साली बाबासाहेबांनी येथे महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. परिसराला नाव मिळाले नागसेनवन. राजा मिलिंद प्रश्न विचारणारा आणि भिक्खू नागसेन उत्तरे देणारा. 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजाला आधीच बजावतो की पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलू, राजांसारखा करणार असशील तर नाही. कारण राजे न पटणाऱ्याला दंड करतात. शेकडो वर्षे ज्यांना प्रश्न विचारायला तोंडच ठेवले नव्हते, त्यांच्या पोरांसाठी काढलेल्या कॉलेजला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यातला अर्थ आम्हा तिथल्या विद्यार्थ्यांनाही फार उशिरा कळला. आम्हाला बरीच वर्षे मिलिंद म्हणजे फक्त कॉलेज.

मैदान माणसांनी फुलून गेले होते. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, भाकरीची गाठोडी, कडेवर लेकरे. मी खूप मागे बसलो होतो. भाषण दुभाष्यामार्फत आमच्यापर्यंत येत होते. सारी माणसे एक आहेत, प्रत्येकजण आईच्या मायेवर वाढलेला आहे, क्रोधाने आपलेच मन जळते, मनात शांती आल्याशिवाय जगात शांती येणार नाही. हे सारे त्यांनी आयुष्यभर जगभर सांगितलेले आहे, तेच येथेही सांगितले. मध्येच ते मोठ्याने हसत, आणि न समजताही समोरच्या बाया हसत. या हसण्यात काहीतरी खरे होते हे नाकारण्यात अर्थ नाही.

आमच्यातल्या काही मित्रांची प्रतिक्रिया ठरलेली होती. करुणा हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे, असे एकाने तिथेच म्हटले. मला हे पटले नाही. १९५९ च्या मार्चमध्ये देश सोडून भारतात आला तेव्हा हा माणूस २३ वर्षांचा होता. ज्यांनी त्याला देशोधडीला लावले त्यांच्याविषयीही द्वेष धरू नये, असे तो सहा दशके आपल्या माणसांना सांगत आला. आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्यात, आता गोंदियात, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात शहरोशहरी फुटपाथवर स्वेटर विकायला बसणारी तिबेटी माणसे आपण पाहतो आणि भाव पाडून मागतो. घरदार गमावलेल्या माणसाची करुणा आणि हवेलीतल्या माणसाची दया या दोहोंना एका मापाने मोजणे ही समीक्षा नव्हे. दलाई लामांची करुणा अन्याय सोसलेल्याची आहे. म्हणूनच तिच्याशी वाद घालणे अवघड आहे, आणि आवश्यकही.

माझी अडचण 'दया' या शब्दापासून सुरू झाली. दुभाषा कधी करुणा म्हणे, कधी दया. पुस्तकात हे शब्द शेजारी असतील, गावात नसतात. गावात दया ही वरून खाली पडते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मंजूर केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावी आमची घरे पेटली. त्यात आमचेही छप्पर गेले. माझा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला. पण ती आग मी आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा धूर मला आठवतो असे वाटते. जाळपोळीनंतर चौथ्या की पाचव्या रात्री गावातला एक मोठा शेतकरी दोन पायल्या ज्वारी घेऊन आला. माझा आजा त्याच्याकडेच सालगडी होता. "लेकरं उपाशी ठिवू नका," म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, "कोर्टकचेरीचं काय ते जरा इचारानं घ्या. गावातच ऱ्हायाचंय ना?" आजीने त्याला म्हटले, "मालक, जवारी ठिवा. घर कोन्ही जाळलं ते बी सांगून जावा." तो काही न बोलता गेला. ज्वारी आजीने ठेवून घेतली, कारण लेकरे खरोखरच उपाशी होती. पुढे साक्षीला कोणी उभे राहिले नाही आणि प्रकरण तिथेच विरले.

तो माणूस दुष्ट होता असे आजी कधी म्हणाली नाही. त्याला खरोखरच कळवळा आला असेल. त्या रात्री त्याच्या मनाला शांतीही लाभली असेल. पण आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्या शांतीत नव्हते.

आता ग्रंथाकडे वळू. दलाई लामा ज्यावर पुन्हा पुन्हा प्रवचने देत आले आहेत तो 'बोधिचर्यावतार' शांतिदेवांचा. त्याचा सहावा परिच्छेद क्षांतीवर आहे आणि त्यातला युक्तिवाद विलक्षण तीक्ष्ण आहे. काठीने मारले तर आपण काठीवर रागावत नाही, मारणाऱ्यावर रागावतो. पण मारणाराही द्वेषाच्या हातातली काठीच आहे, मग राग द्वेषावरच का धरू नये? हा विचार वाचताना मी थांबलो. जात ही माणसांच्या हातून वार करणारी व्यवस्था आहे, असे आपण म्हणतो तेव्हा शांतिदेवांच्या फार जवळून जात असतो. पण त्याच परिच्छेदात शांतिदेव आणखी एक पाऊल टाकतात. पूर्वी मीही जीवांना अशीच पीडा दिली होती, म्हणून आज ही पीडा माझ्या वाट्याला येणे योग्यच आहे, अशी ती समजूत. येथे माझी वाट वेगळी होते. हेच वाक्य आमच्या बापजाद्यांना वेगळ्या देवाच्या नावाने ऐकवले गेले होते. विहारातल्या एकांतात साधक ते स्वतःशी म्हणेल तर ती त्याची साधना असेल. घर जळालेल्या बाईला ते सांगितले की तो गावाच्या बाजूने दिलेला निकाल ठरतो.

बाबासाहेबांनी हा धोका पुरता ओळखला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी बुद्धाचा म्हणून स्वीकारलाच नाही. गरीब आणि हीन अवस्थेतल्या माणसांविषयीच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला मोकळे करणे, याखेरीज त्या सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसत नव्हता. बाबासाहेब करुणेवर थांबत नाहीत, मैत्रीपर्यंत जातात, हेही येथे ध्यानात घ्यावे लागेल. करुणा माणसांपुरती, मैत्री साऱ्या जीवमात्रांपर्यंत, असा त्यांचा अर्थ. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती माझी समजूत म्हणून नोंदवतो: मैत्री करायला समोरचा आपल्या उंचीवर यावा लागतो. ज्वारी घेऊन आलेला माणूस उंबऱ्याबाहेर उभा होता. तो आत येऊन बसला असता, पाणी मागितले असते, तर कदाचित गोष्ट निराळी झाली असती.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरेची कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते, संघ युद्धाचा ठराव मांडतो आणि सिद्धार्थ विरोधात उभा राहतो. तो काय सुचवतो? मन शांत करा, असे तो संघाला सांगत नाही. दोन माणसे आपली निवडा, दोन त्यांची, चौघे मिळून पाचवा निवडतील आणि पाचजण निवाडा करतील, असे सुचवतो. ठराव त्याच्या विरोधात जातो आणि त्याची किंमत त्याला घर सोडून मोजावी लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाने बुद्धाच्या गृहत्यागाच्या मुळाशी पाणी पाहावे यात नवल नाही. येथे शांती म्हणजे वाटपाचा न्याय आहे.

दलाई लामांच्या विचारात हा निवाडा कुठे बसतो, हे मला त्या दिवशी कळले नाही. ज्या देशातून ते आले त्या देशात हजार वर्षांहून अधिक काळ बुद्धाची प्रार्थना होत होती, तरी मठांकडे जमिनी होत्या आणि त्या जमिनींना बांधलेली कुळे होती. लोहार, खाटीक आणि प्रेताची विल्हेवाट लावणारे यांना तिथेही हलके मानले जाई. हे सांगून मी चिनी सैन्याची तरफदारी करत नाही. उलट तरुणपणी सत्ता हाती येताच दलाई लामांनी सुधारणा समिती नेमली होती आणि बापाकडून मुलाकडे उतरणारी कर्जे रद्द करण्याचे काम हाती घेतले होते. म्हणजे व्यवस्था बदलावी लागते, हे राज्यकर्ता म्हणून त्यांना ठाऊक होते. मग आमच्यासमोर, आमच्याच मैदानावर, त्यांच्यातला तो सुधारक का बोलला नाही? तिबेटात प्रार्थनेने लोहाराचा विटाळ का गेला नाही आणि तुम्ही तो घालवायला काय केले, एवढे त्यांनी अनुभवातून सांगितले असते, तर मागच्या रांगेतल्या आमच्या बायांना ते दुभाष्याशिवायही समजले असते.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. गाव त्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातले, कुटुंब बौद्ध. त्यांच्या घरीही पंचशील म्हटले जात असेल.

प्रवचन चालू असताना मी वहीच्या पानावर एक प्रश्न लिहिला होता. भन्ते, ज्याने घर जाळले त्याच्याविषयी मैत्री ठेवून त्याच्याविरुद्ध साक्ष कशी द्यावी, हे आम्हाला शिकवाल काय? मी इतका मागे होतो की ती चिठ्ठी व्यासपीठापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. मैदान रिकामे व्हायला बराच वेळ लागला. आईने येताना आणलेली भाकरी आम्ही कॉलेजच्या भिंतीला टेकून खाल्ली. काय सांगितलं रे त्यांनी, असे तिने विचारले. मी म्हटले, राग धरू नका म्हणाले. ती म्हणाली, "ते खरंय. पर तुझी आज्जी राग धरून नव्हती रे. ती तर नुस्ती इचारत हुती."