चाळणी सगळीकडे सारखी नसते

‘घातक उत्परिवर्तनं निसर्ग चाळून टाकतो’ हे वाक्य आपण पाठ्यपुस्तकापासून ऐकतो. आमच्या मते ते अर्धंच खरं आहे. चाळणी कितपत बारीक, हे प्रजननाच्या पद्धतीवरही ठरतं.

इगतपुरीच्या खाचरातला भात बघा. तो बहुतांशी स्वपरागित. त्यामुळे दडून बसलेलं घातक अप्रभावी जनुक जोडीनं एकत्र येतं, रोप मरतं, दोष निघून जातो. मग भात निर्मळच असायला हवा ना? तसं होत नाही. स्वपरागणात जनुकांची सरमिसळ फार थोडी. चांगल्या जनुकाशेजारचा किरकोळ दोषही त्याच्यासोबत टिकून राहतो. लागवडीच्या भातात असे दोष रानभातापेक्षा जास्त सापडतात, ते काही अंशी यामुळेच.

जळगावची केळी तर मुनव्यांवर आणि ऊतिसंवर्धित रोपांवर चालते. तिथे सरमिसळच नाही. हर्मन मुलर यांनी १९६४ मध्ये मांडलं, की अशा वंशात दोषांचा भार एकाच दिशेनं फिरणाऱ्या दातेरी चाकासारखा वाढतो. मागं येणं जवळपास नाहीच.

म्हणजे निवड एकटी पुरत नाही, तिला सरमिसळीची जोड लागते. म्हणून रानभात आणि जुने वाण जपणं ही नुसती हौस नाही. उद्याच्या संकराचं भांडवल तेच आहे.