शितावरून भात, पण हंडी कुणाची?

‘अस्सल मराठी’ म्हणून काय दाखवायचे, याच्या याद्या करण्याचा आपल्याकडे मोठा उत्साह आहे. अस्सल मराठी जेवण, अस्सल मराठी पोशाख, अस्सल मराठी गाणे, अस्सल मराठी चित्रपट. 1 मेच्या पुरवण्या, 26 जानेवारीचे चित्ररथ, महाविद्यालयांतील ‘पारंपरिक दिन’, लग्नाच्या हॉलमधील सजावट, कुठेही पाहा, यादी तीच असते. पुरणपोळी, नऊवारी, नथ, फेटा, लावणी, कोल्हापुरी चप्पल. ही यादी कुणी केली, असे कुणी विचारत नाही. ती जणू आपोआप झालेली असते.

आपले समीक्षक कथा-कादंबऱ्यांची चिकित्सा करतात, पण या याद्यांची करीत नाहीत. वास्तविक ही यादी म्हणजेही समीक्षाच आहे. हजारोंतून एक उचलणे आणि ‘हाच खरा नमुना’ असे म्हणणे हा मूल्यनिर्णय आहे. कादंबरीवरचा लेख फार तर पाचशे लोक वाचतात. ही यादी मात्र प्रत्येक मूल शाळेत जाण्याआधीच शिकते. म्हणून तिची झडती घेणे मला अगत्याचे वाटते.

या निवडीच्या समर्थनार्थ शितावरून भाताची परीक्षा ही म्हण पुढे केली जाते. म्हण खोटी नाही. पण ती एक गोष्ट गृहीत धरते. हंडी एक, चूल एक आणि आच सर्व शितांना सारखी. ज्या गावात पाणवठे दोन, स्मशाने दोन आणि वस्त्याही दोन, तिथे ही म्हण लागू पडत नाही. गावातल्या हंडीतले शीत चिमटीत धरून गावकुसाबाहेरच्या भाताची परीक्षा होऊ शकत नाही. तरीही ती होत आली आहे, आणि ती तीन प्रकारे होते.

पहिला प्रकार सरळ वगळण्याचा. स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले आणि कितीतरी मराठी घरांतील स्वयंपाकाचे प्रमाण ठरले. पुस्तक चांगलेच आहे. दोष पुस्तकाचा नाही. पण एका वर्गाच्या स्वयंपाकघराला ‘मराठी स्वयंपाक’ हे सर्वांचे नाव मिळाले, हे विसरता येत नाही. चान्या, रक्ती, वजडी हे पदार्थ ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजले, त्या घरांची पाककृती छापील पानावर यायला फार काळ जावा लागला. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले. त्याच वर्षी या राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हणजे एका बाजूला पदार्थाची नोंद झाली आणि दुसऱ्या बाजूला त्यातला एक पदार्थ गुन्हा ठरला.

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांचा ‘मराठमोळा’ विभाग असतो. एका विद्यार्थिनीने वजडी-भाकरी ठेवण्याची परवानगी मागितली. समितीतील सहकारी सौम्यपणे म्हणाले, “ते आहेच हो आपलं, पण ते काही प्रातिनिधिक नाही.” मी त्यांना विचारले, “कुणाचे प्रतिनिधी, सर?” उत्तर आले नाही. परवानगीही आली नाही. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. समितीत बसण्याइतका मी प्रातिनिधिक झालो होतो. माझ्या आईचा स्वयंपाक झाला नव्हता.

दुसरा प्रकार अधिक सफाईचा. इथे वस्तू वगळत नाहीत; ती धुऊन आत घेतात आणि तिच्यामागचे हात बाहेर ठेवतात. तमाशाचा चित्रपट म्हटले की ‘पिंजरा’ हे नाव पहिले येते. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट 1972 चा. त्याचा मूळ सांगाडा 1930 च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचा. याचा अर्थ असा की अस्सल मराठी मातीचा म्हणून जो नमुना आपण दाखवतो, त्याची कथा बर्लिनहून आली. कथा कुठूनही यावी, त्याला हरकत नाही. हरकत ही आहे की तिच्या मध्यभागी चारित्र्यवान गुरुजींचे पतन आहे आणि तमासगीर स्त्री त्या पतनाचे निमित्त आहे. तिचे स्वतःचे पोट, तिची जात, फडाचे कर्ज, तिची मुले यांना त्या पिंजऱ्यात जागा नाही.

आता त्याच्या शेजारी विठाबाई नारायणगावकर ठेवा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाची ही लेक. फडाच्या नावातच जात लिहिलेली. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली ही कलावंत 2002 साली गेली ती हलाखीत, आणि मग 2006 पासून राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार तिच्या नावाने सुरू झाला. लावणी राज्याची शान. लावणी नाचणारीला मात्र गावात खोली मिळत नाही. शैलजा पाईक यांनी 2022 साली इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात ‘अश्लील’ हा शिक्का जातीशी कसा जोडला गेला, हे उलगडून दाखवले आहे. तीच लावणी सिनेमात आली की संस्कृती होते आणि कनातीत राहिली की थिल्लर ठरते.

कोल्हापुरी चपलेचेही तेच. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तशीच चप्पल कुठलाही उल्लेख न करता दिसली, तेव्हा महाराष्ट्राची अस्मिता खवळली. खवळली ते योग्यच झाले. पण ज्यांच्या हातांनी कातडे कमावले त्यांनाच गावातून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत होत्या, तेव्हा ही अस्मिता कुठे होती? चप्पल आमची म्हणणारे पुष्कळ निघाले. चांभार आमचा, ढोर आमचा, असे म्हणणारे किती निघाले?

तिसरा प्रकार सर्वांत कठीण, कारण तो आपल्या यशातून निघतो. इथे कलाकृती स्वीकारतात, पण तिचा तुकडा तोडून. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 2016 चा. त्यातले ‘झिंगाट’ आज प्रत्येक वरातीत वाजते, आणि ज्या वराती जात पाहूनच निघाल्या त्यांतही वाजते. त्या चित्रपटाचा शेवट मात्र कुणी वरातीत आठवत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या दोघांचे खून, संगीताशिवाय, आणि रक्ताची पावले उमटवत बाहेर जाणारे लहान मूल. खरे तर त्या नि:शब्दतेसाठीच अख्खा चित्रपट आहे. लोकांनी ठेका घेतला आणि शांतता परत केली.

पाठ्यपुस्तकांत आपल्या आत्मकथनांचेही असेच होत आहे. उतारा निवडायचा तो उपाशी पोराचा, उष्ट्या अन्नाचा, आईच्या अश्रूंचा. विचार, उपहास, प्रेम, विनोद, धर्मचिकित्सा गळून जाते. वर्गात मला मुले सांगतात, “सर, दलित साहित्य म्हणजे दुःख.” मुलांचा दोष नाही; त्यांना दिलेले शीतच तेवढे आहे. दया मांडायला सोपी असते, युक्तिवाद मांडायला अवघड.

कुणी म्हणेल, निवड तर करावीच लागते. मान्य आहे. मी शिक्षक आहे. उदाहरणावाचून माझा एक तासही सरत नाही. निवड करणे हा अपराध नव्हे, निवडणारा लपवणे हा अपराध आहे. म्हणून प्रत्येक ‘अस्सल’ नमुन्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत. हा कुणी निवडला? निवडताना काय गाळले? आणि ज्याने तो घडवला, त्याला या यादीत येऊन बसता येते का?

मला निवडायला सांगितले तर मी एक दृश्य निवडीन. 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणारी पुस्तकांची दुकाने. घरची भाकरी फडक्यात बांधून आलेली माणसे तिथे पुस्तके विकत घेतात. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, तेही नातवासाठी घेतात. वामनदादांच्या गाण्यांच्या पुस्तिका, बाबासाहेबांचे ग्रंथ, बुद्धाची चरित्रे पिशवीत घालून लोक परतीची गाडी पकडतात. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही, अशी तक्रार ज्या पुरवण्या वर्षभर करतात, त्यांच्या ‘अस्सल मराठी’ यादीत हे दृश्य नसते. दुसऱ्या दिवशी त्यांना दिसते ती गर्दी आणि कचरा.

त्यांच्या यादीत आमची एक ओळ वाढवून घ्यावी, एवढ्यासाठी मी हे लिहीत नाही. ओळ वाढली की हंडी तीच राहते. आपल्या लेखकांनी, शिक्षकांनी, संपादकांनी आपापले नमुने स्वतः निवडावेत, कारणांसह निवडावेत आणि त्या कारणांवर आपसांत उघड भांडावे. भात आपण शिजवला आहे. तो शिजला की नाही, हेही आता आपणच सांगू.